परिमाणवाचक शब्द : गणनीय व अगणनीय नामांच्या संदर्भात

वस्तूंची संख्या अथवा पदार्थाचे प्रमाण सांगण्यासाठी नामाबरोबर येणाऱ्या शब्दांना परिमाणवाचक शब्द म्हणतात. मराठीतील ‘पुष्कळ’, ‘थोडा’, ‘काही’, ‘अनेक’, ‘किती’ आणि इंग्रजीतील ‘मेनी’, ‘मच’, ‘फ्यू’, ‘लिटल’, ‘सम’ हे शब्द या वर्गात मोडतात. ज्या वस्तू एक, दोन, तीन अशा मोजता येतात त्यांची नामे गणनीय होत, उदा., झाड, बैल, पुस्तक. ज्यांचे प्रमाण मापानेच सांगावे लागते अशा अखंड पदार्थांची किंवा भावांची नामे अगणनीय होत, उदा., पाणी, तूप, धैर्य. इंग्रजीत हा भेद परिमाणवाचक शब्दांतच उमटतो. गणनीय नामाच्या अनेकवचनाबरोबर ‘मेनी’ व ‘फ्यू’ येतात, तर अगणनीय नामाच्या एकवचनाबरोबर ‘मच’ व ‘लिटल’ येतात. मराठीत मात्र ‘पुष्कळ झाडे’ व ‘पुष्कळ पाणी’ या दोन्ही ठिकाणी शब्द एकच राहतो.

हा भेद वस्तूंच्या स्वभावातूनच आलेला आहे, असा समज शालेय व्याकरणांमुळे सर्वत्र रूढ झाला. भाषांचा आणि बाजारांचा इतिहास पाहता तो पूर्णपणे टिकत नाही. काय मोजावयाचे व काय मापावयाचे, हे प्रत्येक भाषेने आणि ती बोलणाऱ्या समाजाच्या व्यवहाराने आपापल्या परीने ठरविले आहे. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव व त्याच्या भोवतालचा काळ्या मातीचा, ज्वारी-कापसाचा प्रदेश या दृष्टीने लक्षणीय ठरतो. या भागात धान्य मापण्याची जुनी परंपरा, उर्दू माध्यमाचे शिक्षण व उशिरा सार्वत्रिक झालेली इंग्रजी या तीन गोष्टी एकमेकींवर आल्या. इंग्रजी शिकणाऱ्या तेथील विद्यार्थ्यांच्या ठरावीक चुकांचा उगम या इतिहासात सापडतो.

प्राचीन परंपरा : संस्कृतात संख्या विचारण्यासाठी ‘कति’ व प्रमाण विचारण्यासाठी ‘कियत्’ असे दोन निरनिराळे शब्द होते. ‘कति’ हा शब्द केवळ अनेकवचनी चालतो; म्हणजे गणना व मापन यांतील भेद संस्कृताच्या प्रश्नवाचकांत स्पष्ट होता. ‘बहु’ हे विशेषण मात्र दोन्ही अर्थी वापरले जाई. मराठीपर्यंत येताना प्रश्नवाचकांतील हा भेद लोपला आणि ‘किती’ हा एकच शब्द दोन्ही कामे करू लागला.

गणना व मापन यांचा परस्परसंबंध भास्कराचार्यांच्या लीलावती (सु. ११५०) या ग्रंथात उत्तम रीतीने दिसतो. त्यात कुडव, प्रस्थ, आढक, द्रोण व खारी ही धान्याची मापे दिली आहेत. चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण आणि सोळा द्रोणांची खारी, असे त्यांचे कोष्टक आहे. एक घनहस्त आकारमानाच्या मापास मागध खारी म्हटले आहे. राशिव्यवहार या प्रकरणात खळ्यावरील धान्याच्या राशीचा घेर मोजून तिचे आकारमान काढण्याची रीत सांगितली आहे. राशीची उंची जाड धान्यात घेराच्या एकदशांश, बारीक धान्यात एक-अकरांश व कुसळाच्या धान्यात एक-नवमांश धरावी. घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्यास उंचीने गुणावे, म्हणजे राशीतील खाऱ्यांची संख्या मिळते. घेर ६० हात असल्यास जाड धान्याची रास ६०० खारी, बारीक धान्याची सु. ५४५ खारी व कुसळाच्या धान्याची सु. ६६७ खारी भरते. दाणे कोणी मोजत नाही. परंतु घेराचे हात मोजता येतात आणि त्यांवरून मापांची संख्या निघते. अगणनीय पदार्थ गणनीय करण्याचे हे साधन, म्हणजे माप, भाषेतही तेच काम करते.

धान्याचे मोजमाप : मराठी मुलखात धान्याची मापे शेर, पायली, मण व खंडी अशी चढत्या क्रमाने चालत. चार शेरांची पायली व वीस मणांची खंडी हे प्रमाण बहुतेक ठिकाणी सारखे असे. मण मात्र कोठे बारा, तर कोठे सोळा पायल्यांचा धरीत. शेराच्या खाली मापटे व चिपटे ही लहान मापे होती. ही मापे वजनाची नसून आकारमानाची होती. त्यामुळे माप काठाशी समतल भरले की त्यावर शीग चढविली, यावर देणे-घेणे अवलंबून असे. ‘शिगेला पोहोचणे’ हा वाक्प्रचार या मापाच्या वर चढणाऱ्या निमुळत्या ढिगावरूनच आला. सोन्यासाठी गुंज, मासा व तोळा ही वजने होती. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा होई. गुंज हे मुळात वेलीचे बी असल्याने ती मोजता येते आणि तिनेच सोने जोखता येते.

एकाच पिकाच्या निरनिराळ्या अवस्थांत गणना व मापन यांची अदलाबदल होते. उभ्या ज्वारीची ताटे व कणसे मोजता येतात. कापणीनंतर पेंढ्या मोजल्या जातात. मळणी होऊन रास पडली, की ती मापावी लागते आणि पोत्यांत भरली, की पुन्हा पोती मोजता येतात. कापसाची बोंडे मोजता येतात, वेचलेला कापूस जोखला जातो आणि सरकी काढून दाबल्यावर गासड्या मोजल्या जातात. सध्या भारतात एक गासडी १७० किग्रॅ. धरतात. व्याकरणातील गणनीयता ही वस्तूला कायमची चिकटलेली नसून व्यवहाराच्या टप्प्यावर अवलंबून असते, हे यावरून ध्यानात येते.

रास मापताना मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत असे व पुढे ‘दोन, तीन’ असे मोजत जाई. या रूढीमागे मंगलाची भावना असली, तरी मापाच्या व्यवहारात निर्धास्तपणा नव्हता. देताना लहान व घेताना मोठे माप वापरणे, शीग कमीअधिक चढविणे यांविषयीच्या तक्रारी खेड्यांतील सावकारी व्यवहारात नेहमीच्या असत. पेरणीच्या वा टंचाईच्या दिवसांत धान्य उसने घेऊन सुगीला त्याच्या दीडपट फेडण्याच्या प्रथेला वाढीदिढी म्हणत. या शब्दात ‘दीड’ हे परिमाण कर्जाचे नावच होऊन बसले. हैदराबाद संस्थानात शेतमाल बाजाराच्या नियमनासाठी १३३९ फसलीचा (१९३०) कायदा झाला, तर महाराष्ट्रात १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा आला. या नियमनाखाली मापाडी व तोलारी यांना परवाने घ्यावे लागले. कारण किती माल आला हे सांगण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न होते.

मराठीची व्यवस्था : मराठीत ‘मोजणे’ हे क्रियापद पैशांना लागते, कापडाला लागते आणि जमिनीलाही लागते. धान्यासाठी ‘मापणे’, वजनासाठी ‘तोलणे’ किंवा ‘जोखणे’ असे विशेष शब्द असले, तरी ‘मोजणे’ व ‘किती’ यांच्या कक्षेत गणना व मापन दोन्ही येतात. ‘थोडा’, ‘बराच’, ‘इतका’, ‘सगळा’ ही विशेषणे नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतात : थोडा गूळ, थोडी साखर, थोडे पाणी, थोडे आंबे, थोडी माणसे. इंग्रजी जो भेद शब्द बदलून दाखविते, तो मराठी पुष्कळदा वचन बदलून दाखविते. मराठीत हा भेद शब्दांत मुळीच नाही, असेही नव्हे. ‘अनेक’ व ‘कित्येक’ हे शब्द गणनीय नामांनाच लागतात. ‘अनेक पाणी’ असा प्रयोग होत नाही. याउलट ‘जरासे’, ‘किंचित’ व ‘अंमळ’ हे शब्द संख्येला लागत नाहीत.

धान्यांच्या नावांत मराठीची व्यवस्था विशेष स्पष्ट दिसते. ज्वारी, बाजरी, तूर व डाळ ही एकवचनी चालतात : ज्वारी काढली, तूर महागली, डाळ शिजली. तांदूळ, तीळ, मूग व पोहे स्वयंपाकघरात अनेकवचनी होतात : तांदूळ धुतले, तीळ भाजले, मूग भिजवले. हरभरा शेतात एकवचनी असतो व पातेल्यात अनेकवचनी होतो. हरभरा पेरला जातो, हरभरे भिजत घातले जातात. बाजरीचा दाणा तांदळाच्या दाण्याहून लहान असतो, हे कारण येथे पुरेसे नाही; कारण बाजरीहूनही बारीक असलेले खसखशीचे नाव जसे एकवचनी, तसे तुरीसारख्या मोठ्या दाण्याचेही नाव एकवचनीच आहे. इंग्रजीतही अशीच विसंगती आढळते. गव्हाचे इंग्रजी नाव एकवचनी व अगणनीय आहे, तर ओट या धान्याचे नाव अनेकवचनी आहे. दोन्ही पिके सारख्याच रीतीने पेरली, कापली व मळली जातात.

अनेकवचन म्हणजे गणनीयता, हे समीकरणही मराठीत खरे ठरत नाही. ‘कष्ट’, ‘श्रम’, ‘हाल’ व ‘आभार’ हे शब्द अनेकवचनी चालतात. परंतु ‘तीन कष्ट’ किंवा ‘चार आभार’ असे कोणी म्हणत नाही. उलट एरवी अगणनीय वाटणारी नामे शेतीच्या भाषेत सहज मोजली जातात. ‘मृगाचे दोन पाऊस झाले’ यात सरींची वा पावसाच्या दिवसांची गणना आहे आणि ‘गव्हाला चार पाणी दिले’ यात पाण्याच्या पाळ्यांची गणना आहे. उपाहारगृहातील ‘दोन चहा’ हा प्रयोगही याच जातीचा असून तसा प्रयोग इंग्रजीतही होतो.

अगणनीय पदार्थाचा एक घटक वेगळा काढण्यासाठी मराठीत स्वतंत्र शब्द विपुल आहेत : भाताचे शीत, पाण्याचा थेंब, मिठाचा खडा, गुळाची ढेप, गवताची पेंढी, कोथिंबिरीची जुडी. ‘शितावरून भाताची परीक्षा’ या म्हणीत गणनीय घटकावरून अगणनीय राशीचे अनुमान सांगितले आहे. ‘भर’ हा प्रत्यय कोणत्याही भांड्याला वा अवयवाला जोडून माप तयार करता येते : मूठभर, ओंजळभर, पसाभर, पोतेभर; इतकेच नव्हे, तर घरभर व दिवसभर. माप व पदार्थ यांच्यामध्ये मराठीला षष्ठीची गरज लागत नाही. ‘दोन किलो साखर’ असे दोन्ही शब्द शेजारी ठेवले जातात आणि क्रियापद पुष्कळदा पदार्थाला अनुसरते, उदा., दोन पोती गूळ विकला. इंग्रजीत माप व पदार्थ यांच्यामध्ये ‘ऑफ’ हे संबंधदर्शक अव्यय घालावे लागते व क्रियापद सामान्यतः मापाच्या वचनाप्रमाणे चालते.

माणसांसाठी मराठीने ‘जण’ हा शब्द व ‘दोघे’, ‘तिघे’, ‘चौघे’ ही खास रूपे राखून ठेवली आहेत. बंगाली, असमिया इ. पूर्वेकडील भाषांत संख्येबरोबर वर्गदर्शक शब्द येतात. भारतातील अशा शब्दांचा विचार मरी बी. एमेनो यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, असे प्रतिपादन करणाऱ्या आपल्या १९५६ च्या निबंधात केला. सामान्य दर्जाच्या मुबलक माणसांना ‘पायलीचे पंधरा’ म्हणण्यात जो तिरस्कार आहे, तो माणसाला मोजण्याऐवजी धान्याच्या मापात घालण्यातून येतो.

इंग्रजीतील विकास : इंग्रजीचा आजचा नियम प्रारंभापासून इतका काटेकोर नव्हता. प्राचीन इंग्रजीत ‘फेला’ हा शब्द विपुलतेचा वाचक होता व तो मराठी ‘पुष्कळ’प्रमाणे गणनीय व अगणनीय या दोन्ही प्रकारच्या नामांबरोबर, त्यांच्या षष्ठी विभक्तीसह, वापरला जाई. जर्मनमधील ‘फील’ हा त्याचाच आप्त आहे. पुढे हा शब्द प्रचारातून गेला आणि त्याची जागा दोन शब्दांनी वाटून घेतली. ‘मेनी’ हा पूर्वीपासून संख्येचा वाचक होता. ‘मच’ ज्या ‘मिचेल’ या जुन्या शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ ‘मोठा’ असा होता. त्याचप्रमाणे ‘लिटल’ म्हणजे मुळात ‘लहान’. अगणनीय नामांचे परिमाण दाखविणारे हे दोन्ही शब्द आकारवाचकांतून उत्पन्न झाले. पदार्थ मोजता येत नसल्याने तो मोठा की लहान, एवढेच सांगितले गेले. पुरेसेपणा दाखविण्यासाठीही एके काळी एकवचनी ‘इनफ’ व अनेकवचनी ‘इनाउ’ अशी दोन रूपे होती; त्यांपैकी दुसरे लुप्तप्राय झाले.

नामांचा वर्गही बदलू शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण वाटाण्याचे आहे. इंग्रजीत वाटाण्याला ‘पीज’ असा शब्द होता आणि तो एकवचनी चाले. त्याच्या अखेरच्या ध्वनीला अनेकवचनाचा प्रत्यय समजून सतराव्या शतकाच्या सुमारास ‘पी’ हे नवे एकवचन लोकांनी घडविले. अशा रीतीने एक धान्य राशीतून उचलून दाण्यादाण्याने मोजण्याच्या वर्गात आले.

‘कमी’ या अर्थाच्या ‘लेस’ व ‘फ्यूअर’ या दोन शब्दांचा वाद हे या नियमाच्या कृत्रिम बाजूचे उदाहरण होय. प्राचीन इंग्रजीत ‘लेस’चा पूर्वज संख्येबरोबरही येत असे. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर या लेखकाने गणनीय वस्तूंसाठी ‘फ्यूअर’ हा शब्द आपणास अधिक योग्य वाटतो, असे मत मांडले. वैयक्तिक पसंतीचे हे मत पुढील व्याकरणकारांनी नियम म्हणून स्वीकारले. तरीही पैसा, काळ व अंतर यांच्या आकड्यांबरोबर ‘लेस’ हाच शब्द चालतो. कारण दहा मैल म्हणजे दहा सुट्या वस्तू नसून एक अखंड अंतर आहे, अशी भावना तेथे असते.

या भेदाचा शास्त्रीय विचार विसाव्या शतकात झाला. डॅनिश भाषावैज्ञानिक ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ च्या आपल्या व्याकरणाच्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथात गणनीय शब्द व राशिवाचक शब्द यांची मांडणी केली. अमेरिकन भाषाभ्यासक बेंजामिन ली व्होर्फ यांनी पात्र व पदार्थ अशी जोडी करण्याची सवय यूरोपीय भाषांची आहे, सर्व मानवजातीची नव्हे, असे मत मांडले. परभाषकांसाठी हे ज्ञान उपयुक्त करण्याचे श्रेय हॅरल्ड पामर व ए. एस. हॉर्नबी या जपानमध्ये इंग्रजी शिकविणाऱ्या दोन अध्यापकांना आहे. जपानीत नामांना वचन नसल्याने तेथील विद्यार्थ्यांना हा भेद नामागणिक सांगावा लागे. पामर यांच्या १९३८ च्या शब्दग्रंथात व हॉर्नबी यांच्या १९४२ मध्ये टोकिओत प्रसिद्ध झालेल्या कोशात प्रत्येक नाम गणनीय की अगणनीय, हे चिन्हांनी दर्शविले होते. हॉर्नबी यांचा कोश पुढे ऑक्सफर्डतर्फे निघाला व भारतीय शाळा-महाविद्यालयांत सर्वपरिचित झाला.

दोन व्यवस्थांची गाठ : मराठी व इंग्रजी या भाषांचा व्याकरणाच्या पातळीवरील संबंध विल्यम कॅरीच्या १८०५ मधील मराठी व्याकरणापासून सुरू झाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये व त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणांची छाप होती. पुढील शालेय व्याकरणांत पदार्थवाचक नामांचा उल्लेख येऊ लागला. तथापि गणनीयतेवर मराठी वाक्यरचनेत फारसे काही अवलंबून नसल्याने तो उदाहरणांपुरताच राहिला. मुंबई इलाख्यातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. भाषांतराच्या पद्धतीत ‘पुष्कळ’ला दोन इंग्रजी शब्द आहेत, हे समजत असे, त्यांपैकी कोणता निवडावा हे मात्र इंग्रजी नाम पाहून ठरवावे लागे आणि विद्यार्थी ते मराठी नाम पाहून ठरवी.

मराठवाड्याची स्थिती याहून निराळी होती. परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फार्सीच्या जागी आलेली उर्दू ही तेथील राज्यकारभाराची भाषा होती. उस्मानिया विद्यापीठात (स्थापना १९१८) उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते व इंग्रजी हा एक विषय होता. घरी मराठी व शाळेत उर्दू शिकणाऱ्या मुलाला दोन्हीकडे एकच व्यवस्था भेटे. उर्दूतील ‘कितना पानी’ व ‘कितने लोग’ यांतही शब्द एकच असून त्याचे वचन बदलते. गणना व मापन यांसाठी भिन्न शब्द लागतात, ही गोष्ट त्याला तिसऱ्या भाषेतच प्रथम कळे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात आले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्याचा भाग झाला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू झाले. राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविण्यास २००० मध्ये प्रारंभ झाला. त्यापूर्वी ती पाचवीपासून शिकविली जाई. राणीसावरगावसारख्या गावी इंग्रजीचा संपर्क दीर्घकाळ वर्गापुरताच असल्याने कानाने होणारे शिक्षण अल्प व नियम अधिक, अशी स्थिती राहिली.

या पार्श्वभूमीवर विद्यार्थ्यांच्या चुका पाहिल्या असता त्यांत एक सूत्र आढळते. मराठीत पैसे, केस, बातम्या, कामे व कागद ही अनेकवचने आहेत. इंग्रजीत धन, केस, बातमी, काम व कागद यांची नामे सामान्य अर्थी अगणनीय आहेत. म्हणून विद्यार्थी ‘मच मनी’ ऐवजी ‘मेनी मनी’ लिहितो. शिक्षकाच्या हातातील खडू हे याचे सर्वांत जवळचे उदाहरण होय. मराठीत दोन खडू सरळ मोजले जातात. इंग्रजीत ‘चॉक’ हा पदार्थ असल्याने त्याचे दोन तुकडे म्हणावे लागतात. साबणाच्या दोन वड्या व पाव यांचीही तीच स्थिती आहे. ‘सामान’ व ‘माहिती’ हे शब्द मात्र दोन्ही भाषांत राशिवाचक असल्याने तेथे मराठी विद्यार्थ्याला मातृभाषेचा आधार मिळू शकतो. ‘फ्यू’ व ‘अ फ्यू’ यांतील सूक्ष्म भेदही मराठीला अपरिचित नाही. ‘थोडे लोक आले’ यात अस्तिपक्ष आहे व ‘थोडेच लोक आले’ यात उणेपणा आहे; इंग्रजी जे उपपदाने साधते, ते मराठी ‘च’ या अव्ययाने साधते. ‘फारसा’ हा शब्द जसा नकाराबरोबरच येतो, तसेच बोलीतील इंग्रजीत ‘मच’ हा शब्द प्रायः नकार व प्रश्न यांत येतो. अशी साम्ये दाखवून शिकविल्यास नियमांच्या पाठांतराचा भार हलका होतो.

अपूर्णांकांच्या बाबतीत मराठीची सूक्ष्मता इंग्रजीहून अधिक आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड व अडीच यांना स्वतंत्र शब्द असून ‘दीड रुपया’, ‘दीड तास’ असे एकवचन व ‘अडीच रुपये’ असे अनेकवचन येते. म्हणजे मराठीत अनेकवचनाची सीमा दोनपाशी आहे. इंग्रजी एकाहून अधिक होताच अनेकवचन वापरते आणि दीड तासालाही ते लावते. पावकी, निमकी, दिडकी या पाढ्यांवर वाढलेल्या मुलाला इंग्रजीतील हा प्रकार अडखळविणारा वाटणे स्वाभाविक होते.

दशमान पद्धतीनंतर : १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण (सु. ३७.३२ किग्रॅ.) हे प्रमाण ठरविले होते, तथापि गावोगावची मापे त्यामुळे नाहीशी झाली नाहीत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले व सोळा आणे, चौसष्ट पैसे ही जुनी विभागणी गेली. वजने व मापे यांचा कायदा १९५६ मध्ये झाला. मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली व १ एप्रिल १९६२ पासून सर्वत्र सक्तीची झाली. या बदलाने केवळ एकके पालटली नाहीत. धान्य आकारमानाने मापण्याऐवजी वजनाने तोलले जाऊ लागले, शीग संपली आणि ‘किती पायल्या?’ या प्रश्नाची जागा ‘किती क्विंटल?’ या प्रश्नाने घेतली. पायली, मापटे व चिपटे हे शब्द बोलीत व म्हणींत उरले.

सामाजिक महत्त्व : गणना व मापन यांतील भेदाचे परिणाम व्याकरणाबाहेर अधिक गंभीर असतात. १९७२-७३ च्या दुष्काळात मराठवाड्यातील शेतकरी व मजूर मोठ्या संख्येने दुष्काळी कामांवर खडी फोडण्यास व माती खणण्यास गेले. रोजगार हमी योजनेला पुढे १९७७ च्या कायद्याचा आधार मिळाला. या कामांवर मजुरी बव्हंशी झालेल्या कामाच्या मापावर ठरे. खडीचा ढीग ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या एककात मोजला जाई. मजूर दिवस मोजत असे व हजेरीपटावर दिवस भरत. हिशेब मात्र ढिगाच्या आकारमानावर होई. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षातून १०० दिवसांच्या कामाची हमी दिली, तेव्हाही हक्क दिवसांनी मोजला गेला व मोबदला मापलेल्या कामाशी निगडित राहिला. ‘किती दिवस?’ व ‘किती काम?’ हे दोन्ही प्रश्न मराठीत एकाच शब्दाने सुरू होतात. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘मेनी’ व दुसऱ्यासाठी ‘मच’ लागतो आणि तेवढ्यापुरता भेद शब्दातच उघड होतो. मराठीत तो हिशेब वाचणाऱ्याला आपला आपण ओळखावा लागतो.

यावरून मराठी अपुरी व इंग्रजी परिपूर्ण, असा निष्कर्ष काढता येत नाही. वाटाण्याला दाण्यात आणणारी इंग्रजी गव्हाला राशीतच ठेवते. हरभऱ्याचे वचन शेत व स्वयंपाकघर यांनुसार बदलणारी मराठी तुरीला तशी मुभा देत नाही. दोन्ही भाषांनी आपापल्या जुन्या व्यवहाराचा ठसा जपला आहे. विद्यार्थ्याची चूक ही बहुधा गोंधळ नसून एका सुव्यवस्थित भाषेचे नियम दुसऱ्या भाषेत नेण्याचा प्रयत्न असते, ही जाणीव अध्यापनात महत्त्वाची ठरते. ज्वारीची कणसे मोजून, रास मापून व पोती पुन्हा मोजून ज्याच्या घरी सुगी पार पडते, त्याला गणनीय व अगणनीय यांतील भेद नव्याने शिकवावा लागत नाही. इंग्रजीने ती रेषा कोठे आखली आहे, तेवढेच दाखवावे लागते.